क्लार्नेटची पत्ती

हणमंत ऐवळे म्हणून त्याला कुणी हाक मारायचंच नाही.
"क्लार्नेट आला का?" असं मालक विचारायचे
गंज पेठेतल्या दहा बाय बाराच्या दुकानात,
जिथे खुंट्यांवर लाल कोट
आणि कोटांच्या खिशात मागल्या लग्नाच्या अक्षता.

त्या सीझनला कोट त्याच्या अंगावर
खुंटीवर लोंबावा तसा लोंबायला लागला.
आधी जुलाब. मग खोकला,
संध्याकाळी आलेला, पहाटेपर्यंत न गेलेला.
तोंडात पांढरं, घास गिळताना डोळ्यांत पाणी.
गाण्याचं दुसरं कडवं आलं की
तो क्लार्नेट छातीशी धरून नुसता चालायचा,
आणि मी ट्रंपेटवर त्याची जागा भरून काढायचो.

ससूनचा रिपोर्ट आला.
तो पायऱ्या चढायच्या आत बातमी दुकानात पोचलेली.
मालकांनी क्लार्नेट फडक्यात गुंडाळला,
कपाटाच्या वरच्या फळीवर
काठीने आत ढकलला.
मी काही बोललो नाही.
मी फक्त माझ्या चहाच्या ग्लासाला
बुडाशी पोरीच्या नेलपॉलिशचा एक ठिपका दिला.

मग एक दिवस मंदावहिनी दारात.
"चार घरची धुणी आहेत भावजी,
आज तुम्ही जा ह्यांच्याबरोबर."

बाकावर दीड तास.
शेटे मॅडमनी मला विचारलं, "तुम्ही कोण?"
मी म्हणालो, "ट्रंपेट."
आणि घशात अडकलेलं विचारून टाकलं:
एकाच वाद्याला दोघांनी तोंड लावलं तर?

त्या हसल्या नाहीत.
"फुंकेतून नाही, थुंकीतून नाही,
डासातून नाही, एका ताटातून नाही.
रक्तातून. कंडोमशिवायच्या संबंधातून.
एकाची सुई दुसऱ्याला टोचली तर.
आईकडून बाळाला, आणि वेळेत औषध घेतलं
तर तेही बहुतेक टळतं."
मग माझ्याकडे बघून, मला कळेल असं:
"समजा, तुमच्या बँडमध्ये एक जण शिरला.
तुमचाच लाल कोट घातला त्यानं.
आणि जो इशारा देतो ना, कधी उचला, कधी थांबा,
त्यालाच एकेक करून बसवत गेला.
वर्षानुवर्षं बाहेरून काहीच कळत नाही.
हा एचआयव्ही.
मग एक दिवस इशारा द्यायला कुणी उरत नाही
आणि रस्त्यावरचा कुठलाही आजार आत येऊन नाचतो.
तो एड्स. यांचं तिथवर आलंय.
पण तिथून माणसं परत येतात."

आधी टीबीची औषधं. मग रोजची ती एक गोळी,
रात्री नऊ.
हा वहीत सहीसारखे आकडे जपायचा:
एकशे बारा. दोनशे सहा. चारशेच्या वर.

कुठून लागला, हे दुकानात सगळे विचारायचे.
मला माहीत होतं.
पंचाण्णव साली वरात मोडली की
बुधवारातल्या त्या जिन्यावर
तो एकटा चढायचा नाही.
ठिपका मी त्याच्या भीतीने दिला नव्हता.

मीही बोटातून नाही, दंडातून रक्त दिलं,
वीस वर्षं उशिरा.
निगेटिव्ह.
मंदावहिनीचा निगेटिव्ह आला तेव्हा हणमंत
ससूनच्या नळाखाली डोकं धरून रडला होता.
माझा आला तेव्हा मी रिक्षाही केली नाही,
दुकानापर्यंत चालत आलो
आणि स्टुलावर चढून कपाट उघडलं.

पत्ती तडकली होती. नवी बसवली.
सूर लागतोय का बघायला
मी पहिल्यांदा वाजवला. वाईट वाजवला.
मालक बघत राहिले.

परवा हडपसरला वरात.
नवरदेवाचे मित्र नोटा उडवत होते,
आणि ऐन रंगात हणमंताच्या खिशात मोबाइल वाजला. नऊ.
त्यानं क्लार्नेट काखेत धरला,
डबीतून गोळी काढली,
माझ्या बाटलीला तोंड लावून गिळली.
मॅडम म्हणतात, रक्तात आता सापडत नाही.
सापडत नाही म्हणजे गेला नाही,
पण गोळी चुकवली नाही तर
संबंधातूनही तो पुढे जात नाही.

बाटली परत माझ्याकडे.
ट्रंपेटवाल्याला तहान फार लागते.
पाणी कोमट होतं.